प्रमाण इंग्रजीची दोन रूपे : वेब्स्टर आणि मेंकेन यांच्या भूमिकांची चिकित्सा

प्रास्ताविक

ब्रिटिश आणि अमेरिकन या प्रमाण इंग्रजीच्या दोन रूपांतील भेद हा भाषाविज्ञानाच्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमातील नेहमीचा घटक आहे. तो शिकविण्याची पद्धतही ठरून गेलेली आहे. फळ्यावर दोन रकाने आखले जातात. डावीकडे ‘लिफ्ट’, ‘ऑटम’, ‘पेट्रोल’ आणि उजवीकडे ‘एलिव्हेटर’, ‘फॉल’, ‘गॅसोलीन’ असे शब्द मांडले जातात, स्पेलिंगमधील पाच-सहा फरक सांगितले जातात आणि घटक संपतो. हे रकाने मुळात कोणी आखले, कोणत्या हेतूने आखले आणि त्यांच्यामधली रेघ खरोखर भाषेत आहे की भाषेविषयीच्या मतांत आहे, हे प्रश्न मात्र सहसा उपस्थित होत नाहीत.

हे प्रश्न केवळ तात्त्विक नाहीत. ‘कलर’ हा शब्द ‘यू’ न घालता लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत लाल शाईची रेघ उमटते. ‘रिअलाइझ’ या शब्दात ‘झेड’ वापरला तर ‘हे अमेरिकन आहे’ असा शेरा मिळतो. यातील दुसरा शेरा तर वस्तुस्थितीला धरूनही नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने १८८४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाल्यापासून या शब्दगटात ‘झेड’चाच स्वीकार केलेला आहे. म्हणजे ज्याला अमेरिकन म्हणून दोष दिला जातो ते रूप इंग्लंडमधील सर्वांत प्रतिष्ठित कोशाचे आहे. दोन रूपांविषयीची आपली समज किती ऐकीव आहे, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

ही समज ज्या लेखनातून घडली त्यात नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) आणि एच. एल. मेंकेन (१८८०–१९५६) यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेची इंग्रजी इंग्लंडच्या इंग्रजीपासून दूर जाईल, असे भाकीत दोघांनीही केले आणि पुढे दोघांनाही आपली भूमिका बदलावी लागली. भाकीत पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले, भूमिकाबदल मात्र मागे पडला. प्रस्तुत लेखात या दोघांच्या भूमिकांची चिकित्सा केली आहे.

वेब्स्टर : देशाभिमान, व्यापार आणि स्पेलिंग

वेब्स्टर हा कनेक्टिकटमधील शाळामास्तर. येल महाविद्यालयातून १७७८ साली पदवी घेतल्यानंतर स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीतच त्याने अध्यापनास आरंभ केला आणि १७८३ मध्ये मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक प्रसिद्ध केले. निळ्या पुठ्ठ्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या या पुस्तकाच्या पुढील शतकभरात कोट्यवधी प्रती खपल्या. वेब्स्टरच्या चाहत्यांना अडचणीची वाटेल अशी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. या पहिल्या पुस्तकात तो सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातील स्पेलिंगच प्रमाण मानतो. एवढेच नव्हे, तर ‘ऑनर’, ‘फेवर’ अशा शब्दांतील ‘यू’ गाळणाऱ्यांवर टीकाही करतो. ‘यू’ गाळण्याचे श्रेय ज्याला सरसकट दिले जाते, त्याने आरंभी ‘यू’ची बाजू घेतली होती.

सहा वर्षांत त्याचे मत पालटले. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डिसर्टेशन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज’ हा व्याख्यानांचा संग्रह त्याने बेंजामिन फ्रँकलिनला अर्पण केला आणि त्याला स्पेलिंग-सुधारणेवरील एक निबंध जोडला. अनुच्चारित अक्षरे गाळावीत, एका ध्वनीला शक्यतो एकच चिन्ह असावे, ‘ब्रेड’, ‘हेड’ या शब्दांतील ‘ए’ काढावा, ‘लाफ’ आणि ‘टफ’ यांचा शेवट ‘एफ’ने करावा, अशा सूचना त्यात आहेत. देवनागरीत लिहिणाऱ्या वाचकाला त्या अगदी रास्त वाटतील. परंतु या निबंधातील लक्षणीय भाग सुधारणेची कारणे हा आहे. लेखन सोपे होईल, उच्चार एकसारखे होतील, ही कारणे अपेक्षितच आहेत. त्यांखेरीज वेब्स्टर असेही सांगतो की, वेगळ्या स्पेलिंगमुळे इंग्लंडमध्ये छापलेली पुस्तके अमेरिकेत चालणार नाहीत आणि देशातील मुद्रणव्यवसायाला उत्तेजन मिळेल. स्वतः पाठ्यपुस्तकांचा लेखक असलेल्या आणि स्वामित्वहक्काच्या कायद्यासाठी राज्याराज्यांतून खटपट करणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हा युक्तिवाद यावा, यात नवल नाही. याच ग्रंथात त्याने भाकीत केले की, आधुनिक डच, डॅनिश आणि स्वीडिश या भाषा जर्मनपासून जितक्या दूर गेल्या, तितकीच उत्तर अमेरिकेची भाषा पुढे इंग्लंडच्या भाषेपासून दूर जाईल.

या भाकितामागील तर्क तपासून पाहण्याजोगा आहे. भौगोलिक अंतर, नवा निसर्ग, नव्या संस्था आणि आदिवासी जमातींशी संपर्क यांमुळे भाषा बदलते, हे विधान योग्यच आहे. मात्र बदलणारी भाषा आपोआप तुटतेच, हे त्यातून निष्पन्न होत नाही. छापील पुस्तक, वृत्तपत्र आणि पत्रव्यवहार यांनी बांधलेल्या दोन समाजांची स्थिती मध्ययुगातील जर्मानिक टोळ्यांसारखी नसते. वेब्स्टर ज्या मुद्रणाच्या बळावर वेगळेपण घडवू पाहत होता, त्याच मुद्रणाने दोन्ही रूपांना एकत्र धरून ठेवले. हा अंतर्विरोध त्याच्या लक्षात १७८९ मध्ये आलेला दिसत नाही.

पुढे तो आला, असे मानण्यास जागा आहे. १८०६ च्या छोट्या कोशात आणि १८२८ च्या सुमारे सत्तर हजार शब्दांच्या ‘ॲन अमेरिकन डिक्शनरी ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ या द्विखंडात्मक कोशात त्याचा सुधारक आवेश बराच ओसरलेला दिसतो. १८२८ च्या प्रस्तावनेत तो स्पष्टपणे म्हणतो की, भाषेचा मूळ देह इंग्लंडमध्ये आहे तोच आहे आणि हे साम्य टिकणेच इष्ट आहे. तरीही काही फरक अटळ आहेत. अमेरिकन अस्मितेचा हा मानदंड इंग्लंडमधील केंब्रिज येथे, तेथील ग्रंथालयाच्या आधाराने १८२५ मध्ये पूर्ण झाला, ही घटनाही या संदर्भात बोलकी आहे. अध्यापनात उद्धृत होतो तो १७८९ चा तिशीतला वेब्स्टर. सत्तरीच्या वेब्स्टरला वर्गात प्रवेश मिळत नाही.

या प्रस्तावनेत वेब्स्टरने वेगळ्या कोशाच्या समर्थनार्थ दिलेले कारण स्पेलिंगशी संबंधित नाही, आणि त्याच्या सर्व विवेचनात तेच सर्वांत भक्कम आहे. संस्था वेगळ्या असल्या की शब्दांचे अर्थ वेगळे होतात, असे तो सांगतो. ‘सेनेट’, ‘काँग्रेस’, ‘असेंब्ली’, ‘कोर्ट’ हे शब्द दोन्हीकडे आहेत, पण अमेरिकन राज्यव्यवस्थेत त्यांना जो अर्थ आहे तो इंग्लंडमधील कोशात सापडणार नाही. उलट सरंजामी जमीनधारणेचे शब्द अमेरिकन वाचकाला निरुपयोगी आहेत. हा मुद्दा वेब्स्टरने वाढविला असता तर दोन रूपांच्या अभ्यासाला वेगळी दिशा मिळाली असती. वारसा म्हणून राहिला तो मात्र ‘यू’चा.

त्या ‘यू’विषयी थोडे अधिक. जॉन्सनच्या कोशात ‘एम्परर’, ‘गव्हर्नर’, ‘एरर’, ‘मिरर’ या शब्दांतही ‘यू’ होता आणि ‘म्युझिक’, ‘पब्लिक’ यांच्या शेवटी ‘के’ होता. इंग्लंडने पुढे हे ‘यू’ आणि ‘के’ स्वतःहून सोडले. ‘ह्युमर’मध्ये ‘यू’ ठेवायचा पण ‘ह्युमरस’मध्ये गाळायचा, ही आजची ब्रिटिश पद्धत नियम म्हणून समजावून सांगणे कठीण आहे. अमेरिकन पद्धतीतही ‘ग्लॅमर’चा ‘यू’ शाबूत आहे, आणि ‘सेंटर’चा शेवट बदलला तरी ‘एकर’ व ‘मॅसकर’ यांचा बदललेला नाही, कारण ‘सी’पुढे ‘ई’ आला की त्याचा उच्चार ‘स’ होऊ लागतो. जॉन्सनने तर आपल्या प्रस्तावनेतच कबूल केले होते की, ‘डिसीट’मध्ये ‘पी’ नाही आणि ‘रिसीट’मध्ये आहे, हे त्याने केवळ बहुमताच्या रूढीला मान देऊन लिहिले. दोन पद्धतींपैकी कोणतीही एक तर्कशुद्ध आणि दुसरी बिघडलेली, असे मानण्यास आधार नाही. मराठी लिपीत ‘कलर’ आणि ‘सेंटर’ लिहिले की हा सारा भेद नाहीसा होतो. तो भाषेपेक्षा छपाईचा भेद अधिक आहे, याची ही साधी कसोटी म्हणता येईल.

इंग्रजीला मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांसारखी सर्वमान्य नियमावली कधीच लाभली नाही. जॉन ॲडम्सने १७८० मध्ये काँग्रेसकडे भाषा-अकादमीची सूचना पाठविली, तिचे काही झाले नाही. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्टने तीनशे शब्दांची सुलभ स्पेलिंगे सरकारी मुद्रणालयाला लागू करण्याचा आदेश दिला, तोही काँग्रेसच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला. राष्ट्राध्यक्षाला जे साधले नाही ते एका शाळामास्तराच्या क्रमिक पुस्तकाला साधले.

जुने कोण आणि नवे कोण?

ब्रिटिश रूप मूळ आणि अमेरिकन रूप त्याचा अपभ्रंश, हा समज आपल्याकडे विशेष दृढ आहे. ‘अमेरिकॅनिझम’ हा शब्द १७८१ मध्ये मूळच्या स्कॉटिश अशा जॉन विदरस्पून या धर्मोपदेशक-प्राध्यापकाने घडविला, तोही दोषदर्शनाच्या प्रसंगी. तेव्हापासून त्या शब्दाला चिकटलेला हीनार्थ अद्याप सुटलेला नाही. प्रत्यक्ष पुरावा मात्र निराळे सांगतो. शब्दान्ती आणि व्यंजनापूर्वी येणारा ‘र’ इंग्लंडमध्ये सर्वत्र उच्चारला जात असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो लंडन व आग्नेय इंग्लंडमध्ये क्षीण होऊ लागला, आणि जॉन वॉकरच्या १७९१ च्या उच्चारकोशात त्याची नोंद आढळते. ‘बाथ’, ‘पाथ’ यांतील दीर्घ ‘आ’ही त्याच काळात पसरला आणि वॉकरला तो अशिष्ट वाटत होता. एका पिढीला अशिष्ट वाटलेला उच्चार पुढे ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’चे भूषण ठरला. अमेरिकेने बहुतांशी जुनेच राखले.

‘फॉल’ आणि ‘गॉटन’ यांचेही तसेच. ‘गॉटन’ इंग्लंडमध्ये जवळजवळ लोपले. अमेरिकेत ते टिकले आणि त्याने एक उपयुक्त व्याकरणिक भेदही सांभाळला. जवळ असणे या अर्थी ‘गॉट’ आणि मिळविणे या अर्थी ‘गॉटन’, हा भेद ब्रिटिश रूपात उरलेला नाही. संगणकाच्या संदर्भात ‘प्रोग्रॅम’ हा शब्द शेवटच्या ‘एम-ई’शिवाय लिहिला की अमेरिकन घुसखोरी झाली असे म्हटले जाते, वस्तुतः ते जुने इंग्रजी रूप असून फ्रेंच वळणाचे ‘एम-ई’ ब्रिटिश लेखनात एकोणिसाव्या शतकात रूढ झाले.

फाउलर बंधूंच्या ‘द किंग्ज इंग्लिश’ (१९०६) या पुस्तकातील भूमिका या दृष्टीने वाचनीय आहे. अमेरिकन शब्दांना परके शब्द म्हणूनच वागवावे, असा त्यांचा दंडक आहे आणि किपलिंगसारख्या लेखकालाही ते त्यातून सोडत नाहीत. पण ‘फॉल’ या शब्दापाशी त्यांचा प्रामाणिकपणा जागा होतो. हा शब्द ‘ऑटम’पेक्षा सर्व बाजूंनी सरस आहे, त्यावर इंग्लंडचाही तेवढाच हक्क होता, परंतु तो हक्क आपण सोडून दिला आहे, असे ते मान्य करतात. शब्दाचा गुण आणि त्याची ग्राह्यता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे शुद्धतावादी लेखक विरळाच.

अमेरिकन प्रमाण उच्चारही स्थिर राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोस्टन, न्यूयॉर्क येथील प्रतिष्ठित बोलण्यात ‘र’ गाळला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिष्ठेची दिशा उलटली. विल्यम लबॉव्हने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन वेगवेगळ्या दर्जांच्या दुकानांतील विक्रेत्यांचे उच्चार टिपले. दुकान जितके उच्चभ्रू तितका ‘र’ अधिक, असे त्याला आढळले. म्हणजे ज्या दशकांत लंडनमध्ये ‘र’ उच्चारणे गावंढळपणाचे मानले जात होते, त्याच दशकांत न्यूयॉर्कमध्ये तो न उच्चारणे कमीपणाचे ठरत होते. मराठी भाषक ‘कार’, ‘फर्स्ट’ या शब्दांतील ‘र’ स्पष्टपणे उच्चारतो, ते मराठीच्या आणि लेखनाच्या वळणामुळे. ब्रिटिश उच्चार शिकविण्याचा दावा करणारेही हा ‘र’ सोडत नाहीत, आणि त्यात वावगे काही नाही; वावगा आहे तो दावा.

मेंकेनचे भाकीत

मेंकेन हा बाल्टिमोरचा पत्रकार, जर्मन वंशाचा, उपरोधात तरबेज. त्याचा ‘द अमेरिकन लँग्वेज’ हा ग्रंथ १९१९ मध्ये, पहिले महायुद्ध संपताच प्रसिद्ध झाला. युद्धकाळात अमेरिकेत जर्मन नावे, जर्मन वृत्तपत्रे आणि जर्मन अध्यापन यांवर जो रोष उसळला होता, त्याची पार्श्वभूमी या ग्रंथातील इंग्लंडविषयीच्या कडवट सुराला आहे. ग्रंथ अफाट आहे. आडनावे, ग्रामनामे, शिव्या, जाहिराती, स्थलांतरितांच्या भाषा असा ऐवज एकट्या माणसाने गोळा केला, याचे आश्चर्य आजही वाटते. मराठीत अशा रसिकतेने केलेला बोलभाषेचा संग्रह असता तर, असा विचार वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

तथापि त्याच्या प्रतिपादनात एक मूलभूत घोटाळा आहे. दोन प्रमाण रूपे दुरावत आहेत हे सिद्ध करण्यासाठी मेंकेन जो पुरावा देतो, त्याचा फार मोठा भाग प्रमाण रूपाचा नाहीच. तो रस्त्यावरच्या बोलीचा, रिंग लार्डनरच्या कथांतील खेळाडूंच्या बोलण्याचा आहे. १९२१ च्या आवृत्तीत त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे ‘अमेरिकन’मध्ये केलेले रूपांतरही या सामान्य बोलीतच आहे. एका देशाच्या बोलीची दुसऱ्या देशाच्या प्रमाण रूपाशी तुलना केली की अंतर मोठे दिसणारच. पूर्व लंडनच्या बोलीची ऑक्सफर्डशी तुलना केली असती तरी तेवढेच अंतर दिसले असते. वऱ्हाडी बोलीचा पुरावा देऊन नागपूरच्या वृत्तपत्राची मराठी पुण्याच्या मराठीपासून तुटली आहे, असे सिद्ध करण्यासारखे हे आहे.

१९३६ च्या चौथ्या आवृत्तीत मेंकेनने आपला सिद्धान्त फिरविला. अमेरिकन रूप इतके प्रबळ झाले आहे की आता इंग्लंडच त्यामागून ओढले जात आहे, आणि कधीकाळी इंग्लंडची इंग्रजी हीच अमेरिकनची एक बोली ठरेल, अशी त्याची नवी मांडणी होती. फाटाफुटीचे भाकीत गेले आणि वर्चस्वाचे भाकीत आले. चूक उमजल्यावर ती छापून कबूल करण्याचा त्याचा मोकळेपणा दाद देण्याजोगा आहे. मात्र दोन्ही मांडण्यांत भाषा ही कोणाच्या तरी विजयाची निशाणी आहे, हे गृहीतक कायम राहिले.

जे भेद खरोखर अडचणीचे आहेत त्यांची संख्या थोडी आहे. दुसऱ्या महायुद्धातील एका संयुक्त बैठकीत प्रस्ताव ‘टेबल’ करण्यावरून झालेल्या दीर्घ वादाचा प्रसंग चर्चिलने आपल्या युद्धेतिहासात नोंदविला आहे. ब्रिटिशांच्या लेखी या क्रियापदाचा अर्थ चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या लेखी बाजूला ठेवणे; दोन्ही पक्षांना हवे ते एकच होते. ‘बिलियन’चा अर्थ ब्रिटनमध्ये एकावर बारा शून्ये असा होता, १९७४ मध्ये तेथील सरकारने अधिकृत व्यवहारात नऊ शून्यांचा अमेरिकन अर्थ स्वीकारला. तारखेच्या क्रमाचा घोळ अद्याप चालूच आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याला ‘२६/११’ हे नाव पडले, ते अमेरिकेतील २००१ च्या ‘९/११’ या नावाच्या धर्तीवर. नाव देण्याची रीत तिकडची, पण दिवस आधी आणि महिना नंतर हा क्रम ब्रिटिश वळणाचा. मराठीत ‘लिफ्ट’, ‘टॉर्च’, ‘पेट्रोल’ यांच्याशेजारी ‘ट्रक’ आणि ‘अपार्टमेंट’ सुखाने नांदतात, तसाच हा प्रकार.

मोजमापाचा पुरावा

मेंकेनकडे नव्हते ते साधन १९६० च्या दशकात उपलब्ध झाले. ब्राउन विद्यापीठात १९६१ मध्ये छापलेल्या अमेरिकन गद्याचे प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा भाषासंग्रह तयार झाला. त्याच आराखड्यावर, त्याच वर्षाच्या ब्रिटिश गद्याचा संग्रह लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गेन येथील अभ्यासकांनी १९७८ मध्ये पूर्ण केला. तीस वर्षांनंतरच्या गद्याचे जोडसंग्रहही पुढे झाले. जेफ्री लीच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतून दिसते ते असे की, ‘शॅल’, ‘मस्ट’, ‘मे’ ही साहाय्यक क्रियापदे दोन्ही रूपांत मागे पडत आहेत. अमेरिकन रूप बहुधा एक पाऊल पुढे असते आणि ब्रिटिश रूप त्याच वाटेने जाते. सूचना किंवा मागणी व्यक्त करणाऱ्या वाक्यातील जुने संकेतार्थी रूप अमेरिकेत टिकले होते. ते ब्रिटिश गद्यात पुन्हा वाढू लागले आहे. या पुराव्यापुढे दोन भाषांची कल्पना टिकत नाही, आणि दोन अपरिवर्तनीय रकान्यांचीही टिकत नाही. फरक आहे तो प्रामुख्याने प्रमाणाचा आणि वेगाचा.

या मालिकेतील तिसरा संग्रह महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट येथील इंग्रजी विभागांत जितकी चर्चिली जावयास हवी तितकी चर्चिली जात नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ मध्ये प्रकाशित झालेल्या भारतीय इंग्रजी गद्याचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला आणि त्याची माहितीपुस्तिका १९८६ मध्ये निघाली. अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय अशा तिन्ही रूपांचा तुलनात्मक अभ्यास हाच त्याचा घोषित उद्देश होता. त्याच्या मर्यादा उघड आहेत. मूळ संग्रहांपेक्षा यातील गद्य सतरा वर्षांनी अलीकडचे आहे. अमेरिकन आराखड्यातील साहसकथांसारख्या विभागांना भारतात पुरेसे लेखन नसल्याने ललित विभागांची वाटणीही बदलावी लागली. त्यामुळे आकड्यांची थेट तुलना जपून करावी लागते. तरीही प्रमाणाची चर्चा दोन रकान्यांवरून तीनांवर आणणारा हा जगातील आरंभीचा प्रयत्न आहे, आणि रँडॉल्फ क्वर्क व ब्रज कच्रू यांच्यात १९९०-९१ मध्ये झालेल्या प्रसिद्ध वादाच्या आधीचा आहे. भारतासारख्या देशांत शिक्षकांनी मूळ भाषकांच्या प्रमाण रूपाशी संपर्क राखावा, हा क्वर्कचा आग्रह होता. येथील इंग्रजीला स्वतःचे मानदंड आहेत, हे कच्रूचे उत्तर होते. हा वाद वर्गात शिकविला जातो तो या दोघांच्या उताऱ्यांतून. कोल्हापूरच्या दहा लाख शब्दांत ‘झेड’ किती वेळा येतो आणि ‘एस’ किती वेळा, हे शोधून मगच उत्तरपत्रिकेवर शेरा लिहिणे शक्य आहे. संग्रह त्यासाठी उपलब्ध आहे.